बेरिल थिकेटचं वाक्य

ग्रिम्सबीच्या गोदीमागे माशांना धुरी द्यायचं घर होतं.
तिथे हॅडॉकच्या रांगांखाली तिची एकतीस वर्षं गेली.
भिंतींवर डांबरासारखी काजळी, बोटभर जाड.
"भिंतींना रविवारी सुट्टी... मला मात्र..."
आणि दोन बोटं ओठांशी नेऊन तिनं दाखवलं.

"रविवारीही विड्या फुंकायची," विल्फ बोलला.
विल्फ तिचा नवरा. सहा वर्षं तिची वाक्यं तोच पुरी करतो.
ती तीन शब्द बोलते, थांबते, खांदे वर ओढते,
तेवढ्यात हा उरलेलं सांगून मोकळा.
"मला चहात..."
"साखर नको."
"काल रात्री जरा..."
"बरं होतं."
मी फॉर्मवर लिहून घेते: रात्र बरी.

मी छातीची फिजिओ.
लोकांना फुंकर घालायला शिकवते आणि त्याचा पगार घेते.
नाकानं घ्या, ओठ आवळा,
बशीतला चहा निववतो तशी सोडा, दमादमानं.
लोकांना वाटतं, हवा आत येत नाही.
तसं नसतं.
येते, आणि बसून राहते
चपला काढून, पाय पसरून,
जेवणं उरकली तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.
नव्या हवेला दारातच उभं राहावं लागतं.

एक्स-रेत तिची फुप्फुसं फार मोठी दिसली.
"मोठी म्हणजे... चांगलं ना?"
हे मात्र तिनं एकटीनं विचारलं.
सर्जन ओग्बोनांनी कागदी रुमालावर चित्र काढलं:
वरचा भाग विरलाय, जुन्या बनियनसारखा.
हवा तिथे तुंबते, खालचं धडकं फुप्फुस चेपून राहतं.
वरचं कापून टाकू.
"म्हणजे आधीच कमी, त्यात अजून कमी?" विल्फ.
"हो," ओग्बोना म्हणाले, आणि धोका आकड्यात सांगितला.
विल्फनं आकडा पुन्हा विचारला.
बेरिल म्हणाली, "जिना."
या शब्दाचं पुढे काय करायचं, ते विल्फला सुचेना.

हलचं इस्पितळ, मार्चमधला मंगळवार.
बरगड्यांमध्ये तीन छिद्रं, स्टेपलरच्या पिना,
आणि पिशवीतून बाहेर आलेला
ओल्या टिपकागदासारखा करडा तुकडा.
हातात घेतला तर वजनच नाही.

मग बाटली.
छातीतून नळी, नळीतून बाटलीत बुडबुडे.
खोकली की बुडबुडा. हसली की बुडबुडा.
चौथा दिवस. सातवा. नववा.
विल्फ बाटलीकडे तोंड करून बसायचा,
डार्ट्सच्या गुणांसारख्या वहीत उभ्या रेघा ओढायचा.
अकराव्या दिवशी पाणी स्थिर झालं,
तर त्यानं घाबरून नर्सला हाक मारली.

जूनमध्ये ती माझ्याकडे आली. सहा मिनिटांत किती चालते?
आधी एकशे नव्वद मीटर, आता दोनशे सत्त्याऐंशी.
बरी नाही झाली ती. होणारही नाही.
उरलेलंही विरत जाईल, हे ओग्बोनांनी लपवलं नव्हतं.
पण घरात तेरा पायऱ्या आहेत.
सातव्या पायरीवर कठड्याला धरून ती दम खाते,
आणि सहा वर्षांनी वरच्या खोलीत झोपते.

"मग रात्री झोप कशी?"
"रात्री मला..." खांदे वर गेले.
"छान लागते," विल्फ म्हणाला.
"नाही."
तिनं खांदे खाली आणले, ओठ आवळले,
हवा सोडली, सगळी, पाहुणा फाटकाबाहेर जाईपर्यंत,
आणि मग एका दमात:
"रात्री मला भीती वाटते विल्फ, सहा वर्षं वाटतेय,
आणि चहात मला साखर लागते."

विल्फनं तोंड उघडलं. मिटलं.
मी फॉर्म मागे उलटला, "बरी" खोडलं.

नंतर खाली कॅन्टीनमध्ये दिसले.
त्यानं साखरेची एक पुडी फोडली, दुसरी फोडली,
तिसरी चिमटीत धरून तो थांबला होता
ती काय म्हणते ते ऐकायला.